पेढी बुडाली तेव्हा : महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर

व्यापारात ज्याचा जन्म गेला त्यास पेढी बुडणे म्हणजे काय हे सांगावयास नको. पैसा जातो तो जातोच. परंतु त्याबरोबर सकाळपासून रात्रीपर्यंतचा सारा क्रम मोडतो. दारची गाडी, ओसरीवरील माणसे, बाजारातील रामराम, सणावारांचा थाट, ही सर्व एका दिवसात परकी होतात. अशा वेळी ईश्वरावर भरवसा ठेवा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो ठेवून दाखविणारे विरळा. कलकत्त्याचे महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर हे अशा विरळा पुरुषांपैकी होत. रवींद्रनाथांचे वडील आणि ब्राह्मसमाजाचे धुरीण म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु व्यापाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा त्यांच्या चरित्रातील प्रसंग सहसा कोणी सांगत नाही.

देवेंद्रनाथ १८१७ साली जोडासाँकोच्या वाड्यात जन्मले. वडील द्वारकानाथ यांचे ऐश्वर्य एवढे की, लोक त्यांस प्रिन्स म्हणत. १८३४ साली त्यांनी कार, टागोर आणि कंपनी ही पेढी काढली. गोऱ्या मनुष्याच्या मांडीला मांडी लावून हिंदी मनुष्याने बरोबरीची भागीदारी करावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. नीळ, रेशीम, कोळसा, आगबोटी, सर्वत्र या घराण्याचा हात होता. अशा घरातील पुत्राचे तारुण्य विलासात जावयाचे, तसे ते काही काळ गेलेही. पुढे गंगातीरी आजीच्या अंतकाळी मनात वैराग्य उपजले, आणि ईशोपनिषदाचे एक फाटके पान सहज हाती आल्याने त्या वैराग्यास दिशा मिळाली. परधनाचा लोभ सोडून, ईश्वर जे देईल त्याचाच उपभोग घ्यावा, हा त्या पानाचा भावार्थ. १८४३ साली त्यांनी ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. १८४६ साली द्वारकानाथ लंडनमध्ये वारले, तेव्हा मूर्तिपूजेच्या विधीने श्राद्ध करण्याचे देवेंद्रनाथांनी नाकारले आणि आप्तांचा रोष पत्करला.

येथवरची कसोटी मताची होती. खरी कसोटी पुढेच होती. १८४७ अखेर लंडनच्या बाजारातील मंदीचा तडाखा कलकत्त्यास बसला. ज्या युनियन बँकेत द्वारकानाथांचा मोठा हात होता ती बुडाली, आणि १८४८ च्या आरंभी कार, टागोर कंपनीनेही हात वर केले. देणे सुमारे १ कोटी, येणे सुमारे ७० लाख. खतावणी मांडता येणाऱ्या मनुष्यास ३० लाखांची तूट म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

आता कायद्याची बाजू पाहा. द्वारकानाथ धोरणी होते. १८४० सालीच त्यांनी विराहिमपूर, शहाजादपूर आदी जमीनदाऱ्या ट्रस्टच्या लेखाने अशा बांधून ठेविल्या होत्या की, पेढीच्या सावकारांस त्यांवर हात टाकता येऊ नये. आमच्या धंद्यातील कोणाही वकिलास विचारले असते तर त्याने एकच सल्ला दिला असता : स्वस्थ बसा, कायदा तुमच्या बाजूस आहे. सावकारांच्या सभेत तसे निवेदनही झाले. परंतु देवेंद्रनाथांनी धाकटे बंधू गिरींद्रनाथ यांच्याशी विचार करून कळविले की, ट्रस्टची मिळकतही आम्ही देण्यास सिद्ध आहो; वडिलांचे ऋण फिटेपर्यंत आमचे म्हणून काहीच नाही. फिर्याद ठोकण्याच्या तयारीने आलेले लोक हे ऐकून विरघळले. मिळकत सावकारांनी ताब्यात घेतली, कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना २५ हजार नेमून दिले, आणि पुढे कारभारही बंधूंकडेच सोपविला.

सालीना २५ हजार म्हणजे काही भिक्षापात्र नव्हे, हे खरे. शिवाय जे ऋण फिटले ते शेवटी त्या जमीनदाऱ्यांतील रयतेच्या घामातून फिटले, हेही विसरता कामा नये. परंतु मनुष्याचे मोल त्याच्याजवळ काय उरले यापेक्षा त्याने काय सोडले यावरूनही करावयाचे असते. गाड्याघोडे विकले, नोकरचाकर कमी केले, पंक्तीचा थाट गेला. आणि विशेष असे की, देवेंद्रनाथांस त्याचे दुःख झाले नाही. उलट अंगावरचा भार उतरल्यासारखे वाटले. जे वैराग्य ते आजवर ईश्वराजवळ मागत होते, ते त्याने पेढी बुडवून दिले, अशी त्यांची समजूत होती. ही वेदान्ताची पोपटपंची नव्हे. घरचे सामान लिलावात निघाले असता राखलेली समजूत आहे.

भरवसा ठेवला म्हणून संकटे टळली, असे मात्र झाले नाही. १८५४ साली गिरींद्रनाथ वारले आणि हिशेबाचा सारा भार एकट्यावर पडला. एका सावकाराने तर अटकेचे वॉरंटही काढविले. चित्त उद्विग्न झाले म्हणून १८५६ साली ते हिमालयाकडे निघाले, आणि १८५८ साली परतून पुन्हा कामास लागले.

वर्षांमागून वर्षे ऋण फिटत गेले. द्वितीय पुत्र सत्येंद्रनाथ सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी आमच्या मुंबई इलाख्यात झाली आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. देवेंद्रनाथ स्वतः १९०५ पर्यंत जगले. सावकारांचे देणे तर त्यांनी फेडलेच. परंतु द्वारकानाथांनी कलकत्त्याच्या एका धर्मादाय संस्थेस १ लाख रुपये देऊ असे वचन दिले होते आणि ते न देताच ते वारले होते. ते १ लाखही पुत्राने भरले.