रेव्हरंड ना. वा. टिळक आणि देवाचा दरबार

कुर्डुवाडी जंक्शन आम्हा सोलापूर जिल्ह्यातील भाविकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेचा फाटा येथून पंढरपुरास गेला आणि वारकऱ्यांचे मेळे या फलाटावर गाडी बदलू लागले. त्या वारकऱ्यांची अभंगवाणी प्रभू येशूच्या चरणी वाहणारे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते; तरीही त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

१८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. घर तुटले, पत्नी लक्ष्मीबाई मुलासह दुरावल्या व काही काळ पंढरपुरात राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला.

टिळकांपुढचा प्रश्न आद्य ख्रिस्तसभेचाच होता. देवाची प्रजा कोण? यहुदी छळात असताना लिहिल्या गेलेल्या दानियेलाच्या ग्रंथात साम्राज्ये हिंस्र श्वापदांच्या रूपाने येतात व लयास जातात. शेवटी मानवपुत्रासारख्या एकाला सर्व राष्ट्रांवर व भाषांवर अक्षय राज्य मिळते. प्रकटीकरणात सिंहासनापुढे उभा असलेला अगणित समुदाय सर्व वंशांतून आलेला आहे. संत पौलाने यहुदी-हेल्लेणी हा भेद ख्रिस्तात संपल्याचे सांगितले व श्रद्धावंतांचे नागरिकत्व स्वर्गात असल्याचे लिहिले. दुसऱ्या शतकाच्या सुमारास दियोग्नेतास लिहिलेल्या पत्रात तर ख्रिस्ती माणसाला प्रत्येक परदेश मायदेश आणि प्रत्येक मायदेश परदेश असल्याचे वर्णन आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हे नागरिकत्व स्वीकारण्यासाठी कोणास आपली भाषा वा वेष टाकावा लागत नव्हता.

हीच गोष्ट मिशनच्या व्यवस्थेत हरवल्याची खंत टिळकांना होती. ख्रिस्ती होणे म्हणजे परका होणे, हे समीकरण त्या कडव्या देशभक्तास मान्य नव्हते. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्या कोणासही तेथे स्थान होते, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. या शेवटच्या मुद्द्याशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. बाप्तिस्मा हे ख्रिस्तसभेचे द्वार आहे. मात्र दारापाशी घुटमळणाऱ्यांची इतकी काळजी त्या काळी फार थोड्यांनी वाहिली.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि टिळकांची भजने मराठी मंडळ्यांतून आजही टाळांच्या साथीने गायिली जातात.