अबोल शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश

विद्यार्थिमित्रांनो, कोरड्या केसांवरून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे कंगव्याला चिकटतात. हा खेळ तुम्ही खेळला असाल. घर्षणामुळे कंगव्यावर विद्युतप्रभार येतो, म्हणून असे घडते. या प्रभाराचा एक मोठा नियम ज्यांनी शोधला, पण कोणाला सांगितलाच नाही, अशा शास्त्रज्ञाची ही कथा आहे.

हेन्री कॅव्हेंडिश यांचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे, एका इंग्रज उमराव घराण्यात झाला. ते सुमारे दोन वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. पुढे ते केंब्रिजला शिकले, पण पदवी न घेताच परतले. वडिलांमुळे त्यांना प्रयोगांची गोडी लागली. त्यांच्याजवळ अमाप संपत्ती होती. तरी ते जुन्या पद्धतीचे साधे कपडे घालत. ते अतिशय लाजाळू होते. जेवायला काय हवे, हेसुद्धा ते नोकरांना चिठ्ठी लिहून कळवत!

१७६६ साली त्यांनी हायड्रोजन वायूचे गुणधर्म जगापुढे मांडले. त्यानंतर ते विजेकडे वळले. दोन प्रभारांमधील अंतर वाढले, की त्यांच्यातील बल कमी होते. पण ते नेमके किती कमी होते, हा प्रश्न होता.

१७७३ च्या सुमारास त्यांनी एक सुंदर प्रयोग केला. सुमारे १ फूट व्यासाचा एक गोल घेतला. त्याच्याभोवती दोन पोकळ अर्धगोल जुळवून मोठा गोल केला. दोन्ही गोल तारेने जोडले आणि बाहेरच्या गोलाला प्रभार दिला. मग तार काढून अर्धगोल दूर केले व आतला गोल तपासला. त्यावर प्रभार आढळलाच नाही!

याचा अर्थ काय? पोकळ गोलाच्या आत, मध्यापासून थोडा बाजूला एक बिंदू घ्या. त्याच्या जवळच्या बाजूला प्रभार थोडा असतो, दूरच्या बाजूला पुष्कळ. अंतर दुप्पट केल्यावर बल चौथा हिस्सा आणि तिप्पट केल्यावर नववा हिस्सा होत असेल, तरच दोन्ही बाजूंची बले सारखी होतात आणि आतले विद्युतक्षेत्र शून्य होते. म्हणजेच बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. या वर्गाच्या २ या घातांकात फार तर १/५० इतकी चूक असेल, असेही कॅव्हेंडिश यांनी गणिताने काढले.

एवढे करून त्यांनी ते कागद बाजूला ठेवून दिले. १७८५ साली फ्रान्समधील कूलोम यांनी वेगळ्या प्रयोगाने हाच नियम सिद्ध करून प्रसिद्ध केला. म्हणून आज आपण त्याला कूलोमचा नियम म्हणतो, आणि ते योग्यच आहे.

२४ फेब्रुवारी १८१० रोजी कॅव्हेंडिश यांचे निधन झाले. पुढे केंब्रिजमधील प्राध्यापक मॅक्सवेल यांनी ते जुने कागद कष्टाने वाचले, तो प्रयोग पुन्हा करवून घेतला आणि १८७९ मध्ये सर्व लेखन छापले. तेव्हा कोठे जगाला खरी हकिकत कळली. शंभर वर्षे तो प्रयोग कागदांतच पडून होता.

मित्रांनो, कॅव्हेंडिश यांची चिकाटी आणि अचूकपणा आपण जरूर घ्यावा; पण त्यांचे मौन घेऊ नये. वर्गात उत्तर येत असूनही तुम्ही कधी संकोचाने गप्प बसता का? पुढच्या वेळी हात वर करा. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, ते वाढते.