फादर स्टीफन्स : ग्रंथभाषा आणि बोली

इंग्लंडमध्ये सुमारे १५४९ साली जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मधील निधनापर्यंत मुख्यतः तेथील साष्टी महालात राहिले. १५८३ च्या कुंकळ्ळीच्या उठावात मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे मृतदेह त्यांनीच मिळवले. देवळांच्या विध्वंसानंतर व धर्मांतरानंतर नवख्रिस्ती समाज पुराणश्रवणास पारखा झाला होता. ही उणीव ओळखून त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. देशी लिपीत छपाईची अनुमती त्यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांकडे मागितली होती. तथापि १६१६ मध्ये रायतूर येथे ग्रंथ निघाला तो रोमन लिपीतच.

पुराणासाठी मराठी स्वीकारणाऱ्या याच लेखकाने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते मरणोत्तर, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले. म्हणूनच मराठी-कोकणी वादात दोन्ही पक्ष त्यांचा आधार घेतात. वस्तुतः ग्रंथभाषा व बोली यांच्यात निवड करण्याची गरज त्यांना भासली नाही; दोहोंची कार्यक्षेत्रे त्यांनी वेगळी मानली. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवर बंदी घातली, तरी पुराणाचे गायन टिकले आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. किनाऱ्यावरील भाषिक अस्मितेचा विचार करताना हे सहअस्तित्व दुर्लक्षून चालणार नाही.