विल्यम ह्यूसन : रक्ताच्या थेंबाचा अभ्यासक

मनुका पाण्यांत घातल्या कीं फुगतात व चिरलेल्या काकडीला मीठ लावलें कीं पाणी सुटतें, हें आपण घरोघर पाहतों. रक्तांतील तांबड्या कणांचीही गत तशीच आहे, हें ज्यानें स्पष्टपणें दाखवून दिलें त्या विल्यम ह्यूसनचें नांव वैद्यकाच्या अभ्यासकांत आजही आदरानें घेतलें जातें. त्याचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

ह्यूसनचा जन्म १४ नोव्हेंबर १७३९ रोजीं उत्तर इंग्लंडांतील हेक्सम या गांवीं झाला. वडील शस्त्रवैद्य होते. १७५९ सालीं तो लंडनला जाऊन विल्यम व जॉन हंटर या नामांकित बंधूंचा शिष्य झाला. त्याची हुशारी पाहून विल्यम हंटरनें पुढें त्यास आपल्या शारीरशाळेंत भागीदार केलें. मासे व उभयचर प्राणी यांच्या शरीरांतही लसीकावाहिन्या असतात, हें दाखविल्याबद्दल १७६९ सालीं त्यास रॉयल सोसायटीचें कॉप्ली पदक मिळालें.

१७७० सालीं त्यानें मेरी स्टीव्हन्सन हिच्याशीं विवाह केला. तिच्या आईच्या क्रेव्हन स्ट्रीटवरील घरीं बेंजामिन फ्रँकलिन बिऱ्हाडानें राहत असे. विवाहानंतर गुरूशीं बेबनाव झाला, भागीदारी मोडली, आणि शारीरशाळेंतील नमुने कोणाचे याविषयीं वाद माजला. तरी खचून न जातां ह्यूसननें १७७२ सालीं सासूच्या घरींच स्वतःची शाळा काढली.

पूर्वीचे अनेक निरीक्षक रक्तांत साधें पाणी मिसळून तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत व त्यांतील कण वाटोळे आहेत असें सांगत. ह्यूसनला शंका आली कीं, पाणीच त्यांचें रूप पालटत असावें. त्यानें पाण्याऐवजीं गोठलेल्या रक्तावर सुटणारा स्वच्छ रस घातला. तेव्हां कण नाण्यासारखे चपटे दिसले. साधें पाणी घालतांच ते फुगून गोल झाले व अखेर विरघळले. बेताच्या मिठाच्या पाण्यांत ते चपटेच राहिले. मीठ फार झालें तेव्हां आकसले. कण म्हणजे भरीव गोळा नसून पातळ आवरणाची पिशवी होय, असें त्याचें अनुमान १७७३ सालीं प्रसिद्ध झालें. मनुष्याच्या कणांतही मध्यें एक लहान गोळी असते, ही त्याची समजूत मात्र पुढें चुकीची ठरली.

पुढच्याच वर्षीं शवविच्छेदन करतांना त्याच्या हातास जखम झाली. तें विष अंगांत भिनून १ मे १७७४ रोजीं, अवघ्या ३४ व्या वर्षीं, तो मरण पावला. मागें तरुण पत्नी, दोन लहान मुलगे आणि अद्याप जन्मास न आलेलें एक बालक राहिलें.

एक प्रश्नही मागें राहिला. कणांतील हिमोग्लोबिनला बाहेर पडतां येत नाहीं. उलट बाहेरचें सोडियम आंत झिरपतें, आणि त्यामागून पाणी शिरूं पाहतें. मग शरीरांत कण फुटत कां नाहीं? गळक्या होडींतील पाणी नावाड्यानें सतत उपसावें, तसें आवरणांतील एक प्रथिन सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतें व पोटॅशियमचे दोन आंत घेतें. त्यामुळें आंतील पाणी बेताचें राहतें. हा पंप थांबला तर कण फुगूं लागतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनीं खेकड्याच्या मज्जातंतूंत केलेला याचा शोध १९५७ सालीं प्रसिद्ध झाला, व १९९७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

रुग्णाच्या शिरेंत सोडावयाच्या सलाइनमध्यें शेंकडा ०.९ मीठ असतें तें ह्याचसाठीं. साधें पाणी सोडलें तर रक्तकण फुटतील. रुग्णाच्या उशाशीं टांगलेली ती बाटली पाहतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यूसनची आठवण करावी. आपण पाहतों तें वस्तूचें खरें रूप कीं आपणच तिला दिलेलें, एवढीच शंका त्यानें घेतली, आणि ती थेंबाथेंबानें पडताळून पाहिली.