टिळकांच्या अपिलासाठी चालती वकिली सोडून दोन वर्षं लंडनला राहिलेले ‘वऱ्हाडचे नवाब’

नांदुरा म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो तो हायवेलगतचा १०५ फुटी हनुमान. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाची जुनी ओळख म्हणजे रेल्वे स्टेशन. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लाईन पूर्ण झाली आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला ही गावं थेट मुंबईला जोडली गेली. वऱ्हाडचा कापूस या लाईनवरून मुंबईला जायचा. मुंबईहून वर्तमानपत्रं, नाटक मंडळ्या आणि पुढारी वऱ्हाडात यायचे.

याच लाईनवरून अमरावतीचा एक वकील आयुष्यभर मुंबईला ये-जा करत राहिला. कधी कोर्टाच्या कामासाठी, कधी काँग्रेससाठी, तर कधी नाटकवाल्यांच्या बोलावण्यावरून. दिवसभरात कोण भेटलं, काय बोलणं झालं, काय वाचलं, हे सगळं तो रोजच्या रोज डायरीत लिहून ठेवायचा. आणि एक दिवस मित्राच्या खटल्यासाठी हा माणूस सगळा संसार, सगळी प्रॅक्टिस मागे ठेवून थेट लंडनला जाऊन बसला.

त्यांचं नाव गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजेच दादासाहेब खापर्डे.

२७ ऑगस्ट १८५४ ही त्यांची जन्मतारीख. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, म्हणून नाव गणेश ठेवलं. वडील श्रीकृष्णपंत गरिबीतून वर येत मामलेदार झालेले. मुलगा हुशार होता, संस्कृत आणि इंग्रजी वाचनाचं त्याला वेड होतं, पण गणिताशी त्याचं कधी जमलं नाही. याच गणितापायी मॅट्रिकला गाडी अडली. शेवटी १८७२ मध्ये मॅट्रिक झाले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले.

वऱ्हाडातून आलेल्या पोरासाठी मुंबई म्हणजे वेगळंच जग होतं. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा, अशा दुहेरी अवस्थेत होतं. उच्च शिक्षणासाठी मुंबईशिवाय फारसा पर्याय नव्हता. खापर्डे १८७७ मध्ये बी.ए. झाले आणि १८८४ मध्ये एलएल.बी. मुंबईने त्यांना पदवी दिली, इंग्रजी दिली, तसंच ओळखीपाळखी आणि नाटकाचा नादही दिला.

त्यानंतर काही वर्षं त्यांनी वऱ्हाडात मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरी केली. पण १८९० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

वकिली अशी चालली की बघता बघता खापर्डे वऱ्हाडातल्या बड्या असामींपैकी एक झाले. त्यांच्या वाड्यावर पाहुण्यांची वर्दळ असायची. कोण गावाकडून कज्ज्यासाठी आलेला, कोण शास्त्री-पंडित, कोण गवई, कोण नट, तर कोण पुण्याहून आलेला पुढारी. घरच्या माणसांइतकीच बाहेरची माणसं पंगतीला. हाती आलेला पैसा असा सढळपणे खर्च व्हायचा. या थाटामुळेच लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणू लागले.

गावातलं कोणतंही मोठं काम त्यांच्याशिवाय होत नव्हतं. अमरावती नगरपालिकेत ते होते, जिल्हा बोर्डाचं अध्यक्षपद त्यांनी कित्येक वर्षं सांभाळलं. १८९७ मध्ये काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते.

ते वर्ष साधं नव्हतं. दुष्काळ पडलेला, मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलेलं, आणि लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात शिक्षा होऊन तुरुंगात. अशा वेळी सरकारचा रोष ओढवेल हे माहीत असूनही अमरावतीने देशभरातल्या प्रतिनिधींना बोलावलं. अध्यक्ष होते मद्रासचे शंकरन नायर.

टिळक आणि खापर्डे यांची मैत्री याच काळात घट्ट झाली. स्वभावाने मात्र दोघं दोन टोकांचे. टिळक मोजकं बोलणारे, कामात गुंतलेले. खापर्डे गप्पिष्ट, हजरजबाबी, खाण्यापिण्याचे आणि गाण्याचे शौकीन. सभेत टिळकांनी मुद्दा मांडायचा आणि खापर्डेंनी किस्से सांगून लोकांना हसवत तोच मुद्दा गळी उतरवायचा, अशी ही जोडी.

१९०५ मध्ये मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं. त्याच्या अध्यक्षपदासाठी नाटकवाल्यांना नाटककार किंवा नट आठवला नाही, त्यांनी अमरावतीच्या या वकिलाला बोलावलं. नाटक पाहणं हा प्रतिष्ठितांमध्ये अजून थोडा बिचकत करायचा शौक होता, नटांकडे तर समाज नाक मुरडूनच बघायचा. अशा काळात टिळकांचा उजवा हात समजला जाणारा माणूस नाटकवाल्यांच्या बाजूने उभा राहिला, ही मोठी गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, टिळक, खापर्डे आणि नागपूरचे डॉ. मुंजे शिवाजी उत्सवासाठी कलकत्त्याला गेले. वंगभंगामुळे बंगाल पेटलेला होता. महाराष्ट्राचा उत्सव बंगालच्या राजधानीत साजरा झाला. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा खापर्डे अर्थातच जहालांच्या बाजूला होते.

इथून पुढे गोष्ट गंभीर होत जाते.

२४ जून १९०८ ला टिळकांना मुंबईत अटक झाली. ‘केसरी’तल्या लेखांवरून पुन्हा राजद्रोहाचा खटला. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक तेव्हा बावन्नाव्या वर्षात होते आणि त्यांना मधुमेह होता. सहा वर्षांनी ते परत येतील का, हीच शंका होती.

या खटल्याच्या काळातली एक कथा दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात आहे. मुंबईला निघालेल्या खापर्डेंनी अकोला स्टेशनवर कोल्हटकरांना गाठलं आणि शेगावला गजानन महाराजांकडे जायला सांगितलं, असं त्यात येतं. महाराजांनी टिळकांसाठी भाकरीचा प्रसाद दिला. सुटका होणार नाही, पण त्यांच्या हातून मोठं काम होईल, असंही सांगितलं. शेगाव-नांदुरा भागात ही कथा आजही घरोघरी माहीत आहे.

शिक्षेविरुद्ध दाद मागायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे लंडनची प्रिव्ही कौन्सिल. हिंदुस्थानातल्या हायकोर्टांच्या वरचं हे शेवटचं न्यायालय. पण तिथे जायचं तर कोणीतरी विलायतेत मुक्काम ठोकायला हवा होता. सॉलिसिटर गाठायचे, बॅरिस्टर नेमायचे, कागदपत्रं तयार करायची, शिवाय तिथल्या राजकारण्यांना भेटायचं. हे सगळं पत्रांवर होण्यासारखं नव्हतं, कारण एका पत्राला बोटीने पोहोचायलाच दोनेक आठवडे लागायचे.

खापर्डे तयार झाले. टिळकांना शिक्षा होऊन महिनाही झाला नव्हता, तोच ऑगस्ट १९०८ मध्ये ते मुंबईहून बोटीत चढले. वय जवळपास ५४ वर्षं.

आता वकिलाचं गणित लक्षात घ्या. जमीनदार परदेशी गेला तरी शेत पिकतं, व्यापाऱ्याचं दुकान मुनीम चालवतो. वकिलाची कमाई मात्र तो कोर्टात उभा राहिला तरच. तो गेला की अशिलं दुसरा वकील शोधतात आणि परत येतीलच असं नाही. त्यात घर मोठं, पंगत मोठी, खर्च कमी होण्याचं नाव नाही. त्यामुळे या प्रवासाची खरी किंमत बोटीच्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त होती.

लंडन तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं शहर. अमरावतीत ज्यांना रस्त्याने जाताना दहा जण नमस्कार करायचे, ते इथे हजारो अनोळखी माणसांपैकी एक होते. तरी माणसांवाचून न राहवणारा हा गृहस्थ इथेही एकटा राहिला नाही. हायगेट भागात श्यामजी कृष्ण वर्मांनी सुरू केलेलं इंडिया हाऊस होतं. तिथे विनायक दामोदर सावरकर आणि इतर तरुण विद्यार्थी जमायचे. बंगालचे बिपिनचंद्र पाल त्याच सुमारास लंडनला आले होते. डिसेंबर १९०८ मध्ये कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी लोकांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थान खापर्डेंना देण्यात आलं.

पण ज्यासाठी आले होते, ते काम मात्र झालं नाही. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगीच नाकारली. फौजदारी प्रकरणात प्रिव्ही कौन्सिल सहसा हात घालत नसे. न्यायाची मूलभूत पायमल्ली झाल्याचं दिसलं तरच ती दखल घ्यायची. टिळकांचं प्रकरण तसं आहे, असं तिने मानलं नाही.

त्यानंतर उरला तो अर्ज-विनंत्यांचा आणि गाठीभेटींचा मार्ग. तोही लवकरच अवघड झाला. १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. एका रात्रीत लंडनमधल्या प्रत्येक हिंदी माणसाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. ज्यांच्याकडे टिळकांसाठी शब्द टाकायचा, ते दार उघडायलाच तयार होईनात, अशी ही वेळ.

खापर्डे तरीही लगेच परतले नाहीत. दोन वर्षं उलटली, तेव्हाच ते १९१० मध्ये हिंदुस्थानकडे निघाले. आणि आले तेही सरळ घरी नाही. आधी ते रंगूनला उतरले, तिथून मंडालेला गेले आणि ऑक्टोबरात तुरुंगात टिळकांना भेटले. आपण हरलो, हे त्यांनी मित्राला समोर बसून सांगितलं.

पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९१० मध्ये, टिळकांनी त्याच तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहायला घेतलं आणि मार्च १९११ पर्यंत त्याचा पहिला खर्डा पूर्ण केला. सुटकेचे सगळे दरवाजे बंद झाल्याचं कळल्यावर हाती घेतलेलं हे काम होतं.

अमरावतीत परतलेल्या खापर्डेंसमोर विस्कटलेली प्रॅक्टिस होती आणि त्यांच्यावर सरकारची नजर होती. ५ डिसेंबर १९१० ला ते पहिल्यांदा शिर्डीला साईबाबांकडे गेले. नंतर डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ असे तीन महिन्यांहून जास्त तिथेच राहिले. पत्नी लक्ष्मीबाईही सोबत होत्या. शिर्डी तेव्हा एक लहान खेडं होतं. पहाटे काकड आरती, मग मशिदीत बाबांचं दर्शन, दुपारी ‘पंचदशी’सारख्या वेदान्तग्रंथांचं वाचन, असा त्यांचा दिवस असायचा.

विशेष म्हणजे लंडनमध्ये असो की शिर्डीत, डायरी चालूच. कोण आलं, कोण गेलं, कोणाची तब्येत बिघडली, बाबा कोणावर रागावले, कोणाशी हसून बोलले, हे ते इंग्रजीत साध्या शब्दांत लिहीत. चमत्काराचा मसाला नाही, रोजनिशीचा कोरडेपणा आहे. म्हणूनच आज साईबाबांच्या काळातली शिर्डी समजून घ्यायची तर या नोंदींना मोठं मोल आहे. त्या पुढे ‘श्री साईलीला’ मासिकात आणि नंतर पुस्तकरूपाने छापल्या गेल्या.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले आणि खापर्डे पुन्हा कामाला लागले. होमरूलच्या चळवळीत सभा घेत फिरले, दिल्लीच्या कायदे कौन्सिलात गेले. १९१९ मध्ये टिळक विलायतेत असताना तेही पुन्हा लंडनला पोहोचले.

१ ऑगस्ट १९२० ला मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले आणि खापर्डेंचं राजकारणही जणू तिथेच थांबलं. गांधीजींचा असहकार त्यांना पटला नाही. कोर्टावर आणि कौन्सिलावर बहिष्कार घालून स्वराज्य मिळेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते काँग्रेसपासून दूर झाले आणि १९२० ते १९२५ या काळात कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. पण देश आता गांधीजींच्या मागे निघाला होता. ज्यांनी एकेकाळी जहाल म्हणून सरकारचा रोष पत्करला, तेच नव्या पिढीला मवाळ वाटू लागले.

१ जुलै १९३८ ला अमरावतीत दादासाहेब खापर्डेंचं निधन झालं. पुढे त्यांचे पुत्र बाळकृष्ण यांनी वडिलांचं मराठी चरित्र लिहिलं.

खापर्डेंच्या ४६ डायऱ्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अमरावतीच्या वाड्यातल्या पंगती, मुंबईची नाटकं, कलकत्त्याच्या सभा, लंडनमधल्या भेटीगाठी आणि शिर्डीची आरती, हे सगळं एकाच माणसाच्या हस्ताक्षरात. त्यांनी लंडनला जाऊन टिळकांना सोडवलं असतं, तर शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असता. ते जमलं नाही, म्हणून नाव मागे पडलं. पण मित्राची बाजू हरतेय हे दिसत असताना दोन वर्षं परक्या शहरात टिकून राहणं आणि शेवटी हरल्याची बातमी स्वतः जाऊन त्याच्या तोंडावर सांगणं, याला जे काळीज लागतं ते वऱ्हाडच्या या नवाबाकडे होतं.