दारू नको म्हणून कोको विकणारा कॅडबरी

जॉन कॅडबरीने १८२४ साली बर्मिंगहॅममध्ये दुकान टाकलं. विकायचा काय, तर चहा, कॉफी आणि प्यायचा कोको. जॉन क्वेकर पंथाचा. इंग्लंडच्या सरकारी चर्चबाहेरच्या या लोकांना तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, त्यामुळे बरेच जण धंद्यात उतरायचे. दारूला या पंथाचा विरोध, म्हणून जॉनसाठी कोको म्हणजे दारूला पर्याय.

पण एक गोची होती. कोकोतला तेलकटपणा झाकायला बरेच जण त्यात बटाट्याचं पीठ मिसळायचे, कॅडबरीसुद्धा! १८६१ ला धंदा मुलांकडे गेला. त्यांनी तेलकटपणा काढणारं डच यंत्र आणलं आणि १८६६ ला बिनभेसळीचा कोको काढला. पुढे कामगारांसाठी बोर्नव्हिल गाव वसवलं, तिथेही दारूचा गुत्ता होऊ दिला नाही.