मारिया मॉन्टेसरी : पहिल्या तीन वर्षांचा शोध

'मॉन्टेसरी' हा शब्द भारतात व्यक्तिनाम म्हणून क्वचितच उच्चारला जातो. शहरांतून तो एका वर्गाचे नाव होऊन बसला आहे. तीन-साडेतीन वर्षांचे मूल प्रथम जेथे जाते, त्या वर्गाचे. या प्रघातामुळे दोन गोष्टी झाकल्या गेल्या. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या चिंतनाचा अखेरचा आणि बहुधा सर्वांत मूलगामी टप्पा शाळेची पायरी चढण्यापूर्वीच्या, म्हणजे जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकाविषयी होता, ही पहिली गोष्ट. आणि हा टप्पा परिपक्व झाला तो भारतभूमीवर, ही दुसरी. या दोहोंच्या प्रकाशात त्यांचे चरित्र पाहणे उद्बोधक ठरते.

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील आंकोना शहरानजीक क्याराव्हाल्ले येथे झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी नोकरीतील, जुन्या वळणाचे गृहस्थ. आई रेनील्दे मात्र वाचनाची आवड असलेली आणि मुलीच्या आकांक्षांच्या पाठीशी उभी राहणारी. १८७५ मध्ये हे कुटुंब रोमला आले. बुद्धिमान मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची समजूत होती. मारियांनी आधी तांत्रिक शिक्षणाची शाळा निवडली आणि नंतर वैद्यकशास्त्र. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करणे स्त्रीला अशोभनीय मानले जाई. म्हणून ते काम त्यांना सायंकाळी एकट्याने करावे लागे. १८९६ मध्ये रोम विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांनी संपादन केली. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करीत असता वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली मतिमंद मुले त्यांच्या दृष्टीस पडली. फ्रेंच वैद्य इतार आणि सेग्यँ यांच्या ग्रंथांचा अभ्यास करून, या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे, या निष्कर्षाप्रत त्या आल्या. १८९८ च्या तुरीन येथील शिक्षणपरिषदेत त्यांनी तो मांडला, आणि १९०० मध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी रोममध्ये निघालेल्या संस्थेचे संचालन त्या करू लागल्या. या कामात डॉ. ज्युसेप्पे माँतेसानो त्यांचे सहकारी होते. ३१ मार्च १८९८ रोजी मारियांना त्यांच्यापासून पुत्र झाला. विवाह झालेला नव्हता. तत्कालीन समाजात ही गोष्ट उघड होती तर मारियांचा व्यवसाय तेथेच संपला असता. बालक मारिओ रोमबाहेर खेड्यातील एका कुटुंबात वाढविण्यास दिला गेला. आई अधूनमधून भेटीस जाई. ती आपली आई, हे त्या मुलाला सांगितलेले नव्हते. १९०१ मध्ये माँतेसानोंनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला आणि मारिया त्या संस्थेतून बाहेर पडल्या. रेनील्देंच्या निधनानंतर, १९१३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचा मारिओ आईजवळ राहावयास आला. तथापि पुढे कित्येक वर्षे जगासमोर त्याची ओळख भाचा किंवा दत्तक पुत्र अशीच करून दिली जाई.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. आईबाप कामावर गेले की मोकाट फिरणारी मुले जिने आणि भिंती खराब करीत, त्यांना एका खोलीत गोळा करून ठेवावे, एवढाच चाळींच्या मालकसंस्थेचा मूळ हेतू होता. मारियांनी तेथे मुलांच्या उंचीचे फर्निचर आणि हाताळण्याजोगी साधने आणली, मोठ्या माणसांचा हस्तक्षेप आवरता घेतला आणि निरीक्षण केले. ही मुले तासन् तास एकाग्र होऊ शकतात, बक्षिसाची वा शिक्षेची त्यांना गरज भासत नाही, असे दिसून आले. १९०९ मध्ये त्यांच्या पद्धतीचे विवरण करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि काही वर्षांतच युरोप-अमेरिकेत त्यांचे नाव दुमदुमले. अमेरिकेचा दौरा, बार्सिलोनातील वास्तव्य, १९२९ मध्ये स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय संघ, मुसोलिनीच्या राजवटीने प्रथम दिलेला आश्रय आणि १९३४ मध्ये तिच्याशी झालेली फारकत, हा भाग सर्वश्रुत आहे. १९३६ मध्ये स्पेनमधील यादवीमुळे बार्सिलोना सोडावे लागले आणि नेदरलँड्स हे त्यांचे आश्रयस्थान झाले.

त्या येण्यापूर्वीच भारतात त्यांचे विचार रुजले होते. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या चिंतेतून वकील गिजुभाई बधेका मॉन्टेसरींच्या ग्रंथांकडे वळले, आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर उघडले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत बालशिक्षणाचे वाङ्मय निर्माण होऊ लागले. गांधीजींची आणि मारियांची भेट १९३१ मध्ये लंडनला झाली होती. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि रुक्मिणीदेवी यांच्या निमंत्रणावरून मारिया मारिओंसह नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, आल्या, तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर होते. ज्या गिजुभाईंनी त्यांना या देशाशी परिचित करून दिले, ते त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले होते.

अड्यार येथील पहिल्या अभ्यासक्रमास सुमारे तीनशे विद्यार्थी होते. मारिया इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ इंग्रजीत अनुवाद करीत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक म्हणून दोघेही शत्रुपक्षीय ठरले. मारियांना अड्यारच्या परिसरात स्थानबद्ध करण्यात आले. मारिओंची रवानगी अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथील छावणीत झाली. ३१ ऑगस्ट रोजी, मारियांच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने मारिओंची मुक्तता केली, आणि त्या निमित्ताने आलेल्या संदेशात त्यांचा उल्लेख पुत्र म्हणून होता. जे नाते बेचाळीस वर्षे आडपडद्याने जगले, ते अशा रीतीने एका सरकारी संदेशात प्रथम सरळ नावाने अवतरले.

युद्धकाळात १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षे कोडाईकनाल येथे गेली. तेथे वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र वाढताना त्यांना जवळून पाहता आली. स्थानबद्धता संपल्यावर अहमदाबाद येथे घेतलेल्या वर्गातील व्याख्यानांतून 'दि ॲब्सॉर्बन्ट माइंड' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि १९४९ मध्ये तो अड्यारहून प्रकाशित झाला. इटालियन आवृत्ती निघाली ती १९५२ मध्ये.

या ग्रंथाचा गाभा असा. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत बालकाचे मन भोवतालचे जग शोषून घेते. त्यातही पहिली तीन वर्षे हे कार्य नकळत चालते. प्रौढ माणूस ज्ञान स्मरणात साठवितो. बालक मात्र जे अनुभवते त्यातून स्वतःच घडते. म्हणून या वयात शिकविण्याला जागा नाही, पण सांभाळण्याला फार मोठी आहे. हे सांभाळणे कसे असावे, याविषयी मारियांचे म्हणणे अगदी व्यवहाराचे आहे. बालकाला वेगळ्या खोलीत, दाईच्या हवाली करून, माणसांपासून दूर ठेवणे हे सधन पाश्चात्त्य घरांचे दूषण त्यांनी दाखविले. ज्या समाजांत आई मुलाला अंगाशी धरून बाजारात, कामावर, आप्तेष्टांकडे नेते, तेथे ते मूल बोलणे, भांडणे, घासाघीस, सारे पाहते आणि ऐकते. त्याची मनोवाढ त्यावरच होते. कडेवरच्या मुलाचे हे भाग्य अशिक्षित मातांनी राखले आणि सुशिक्षितांनी गमावले, असा याचा निष्कर्ष निघतो.

दीड वर्षाचे मूल जड वस्तू उचलू पाहते, जिना चढते, ओझे घेऊन चालते; हे त्याचे खूळ नसून शक्ती अजमावण्याचा उद्योग आहे. दोन वर्षांचे मूल बरेच अंतर चालू शकते, फक्त ते मुक्कामाला पोहोचण्यासाठी चालत नाही; मुंगी दिसली की थांबते. मोठ्यांनी त्याच्या चालीने चालावे, घाईने उचलून घेऊ नये. वस्तू ठरलेल्या जागी असाव्यात ही त्याची गरज तीव्र असते, आणि ती मोडली की होणारे रडे हट्टाचे समजले जाते. जमिनीलगतचे अंथरूण, स्वतःच्या हाताने पेलेल असा प्याला, घरकामात खराखुरा वाटा, अशा साध्या गोष्टींतून बालक स्वावलंबी होते. अनावश्यक मदत हाच त्याच्या वाढीतला मोठा अडथळा होय.

साहित्याच्या अभ्यासकाला यांतील भाषेची मीमांसा विशेष मोलाची वाटेल. तान्हे मूल असंख्य आवाजांतून मानवी वाणी निवडते. वर्षाच्या सुमारास पहिला सार्थ शब्द उच्चारते. पुढे कित्येक महिने वरकरणी थोडीच प्रगती दिसते, आणि दोन वर्षांच्या सुमारास शब्दांचा, मग वाक्यांचा, एकाएकी उद्रेक होतो. लिंग, वचन, विभक्ती यांची गुंतागुंत कोणी व्याकरण न सांगता त्याच्या स्वाधीन होते. विद्वानाला वर्षानुवर्षे परिश्रम करूनही परभाषेचे जे अंग साधत नाही, ते निरक्षर आईच्या मांडीवरील बालकाला साधते. भारतासारख्या बहुभाषिक देशात या विचाराचा अर्थ दूरवर पोहोचतो. ज्या वाणीवर पुढे ओवी, अभंग, कथा उभ्या राहतात, तिचा पाया पहिल्या अडीच-तीन वर्षांत, घरातल्या बोलीत घातला जातो. त्या वयात मुलाशी बोलावयास कोणाला सवड नसेल, किंवा घरची बोली हीन मानून तिच्याविषयी मौन पाळले जात असेल, तर ती उणीव शाळा सहजी भरून काढू शकत नाही.

या विचाराच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. बालमनातील सुप्त शक्तींना मारियांनी दिलेल्या तेजोमेघासारख्या उपमा शास्त्रापेक्षा काव्याच्या जवळच्या आहेत. त्यांनी बालकाच्या स्वयंप्रेरित कार्यावर भर दिला; नंतरच्या संशोधनाने मोठ्यांच्या प्रतिसादाचे, बालकाच्या हुंकाराला मिळणाऱ्या उत्तराचे महत्त्व अधिक ठळक केले. शिवाय अन्न, आरोग्य आणि राबणाऱ्या आईचा वेळ यांचा प्रश्न साधनांनी आणि निरीक्षणाने सुटणारा नव्हता. तो हाती घेतला ताराबाईंनी. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, त्यांनी महागडी साधने बाजूस ठेवून बालशिक्षण दलितांच्या आणि आदिवासींच्या अंगणात नेले, आणि तान्ह्यांसाठी पाळणाघर त्याला जोडले. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षणाचा पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला. त्याअलीकडच्या बालकाचा भार अद्याप घरावर, पाळणाघरावर आणि अंगणवाडीवरच आहे.

मारिया १९४६ मध्ये युरोपला परतल्या आणि त्या वर्षीच्या लंडनच्या व्याख्यानांत त्यांनी जन्मापासूनच्या शिक्षणाचा विषय मांडला. १९४७ मध्ये त्यांच्या सहकारी आदेले कोस्ता न्योक्की यांनी रोममध्ये शिशुसंगोपनाचे प्रशिक्षण देणारी शाळा काढली. त्याच वर्षी मारिया पुन्हा भारतात आल्या आणि १९४९ पर्यंत येथील कामाशी निगडित राहिल्या. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डविक येथे त्यांचे देहावसान झाले. मृत्युपत्रात त्यांनी मारिओंना आपला पुत्र म्हणून मान्यता दिली होती. स्वतःच्या मुलाचे पहिले पाऊल आणि पहिला शब्द ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांनी उतारवयात त्याच वर्षांचे माहात्म्य जगाला समजावून द्यावे, यात कार्यकारणभाव शोधणे घाईचे ठरेल. परंतु या विचाराचे मोल ठरविताना एवढे ध्यानात ठेवणे उचित होय की, बालकाच्या पहिल्या तीन वर्षांत जवळ कोण आहे यावर सारे अवलंबून असते, हे सांगणाऱ्या स्त्रीला समाजाने तेथे असू दिले नव्हते.